झीरो टिकत नाही? डोंगरी मेंढ्यासाठी नवा स्कोप घेण्याआधी हे तपासा

झीरो म्हणजे स्कोपचा (रायफलीवरच्या दुर्बिणीचा) नेम आणि गोळी ठरावीक अंतरावर एकाच जागी जुळवलेली असणं. तो बिघडल्याची तक्रार बहुतेक वेळा एकाच साच्यात येते. "मागच्या महिन्यात शंभर यार्डांवर तीन गोळ्या रुपयाएवढ्या जागेत होत्या, आता सगळ्या वीतभर डावीकडे जातात." आणि त्याला जोडूनच प्रश्न, "मग आता कुठला स्कोप घेऊ?" पहिल्याचं उत्तर मिळाल्याशिवाय दुसऱ्याचं देऊ नये, असं माझं मत आहे. काच बदलली तरी बेस (रायफलीवर स्क्रूने बसवलेली पट्टी) तोच राहतो, स्कोप धरणाऱ्या रिंगा त्याच, दस्ता तोच. मग चौपट किमतीचा स्कोपही त्याच दिशेला सरकतो आणि दोष कंपनीच्या माथी बसतो.

मी ग्वाल्हेरला, लष्कर भागात, रायफली आणि एअरगन दुरुस्त करतो. विचारणारे दोन तऱ्हेचे. एक इथले: घरात आजोबांपासून चालत आलेली परवान्याची .३१५ किंवा ३०-०६ (काडतुसांच्या मापावरून रायफलीची नावं) असलेले, शिवाय बिनपरवान्याची, २० जूलच्या आतली .१७७ एअर रायफल घेऊन कागदावर नेम धरणारी पोरं. दुसरे इथूनच गेलेले, कॅल्गरी-एडमंटनला नोकरीला लागलेले, तिथलं शिकारीचं लायसन्स काढून बिगहॉर्न या डोंगरी मेंढ्याच्या मागे डोंगर चढणारे. माझा भाचा त्यातलाच. त्याचा फोन आला की "मामा, कसे आहात" याच्या आधी स्कोपचा फोटो येतो.

एक गोष्ट आधीच मोकळेपणाने सांगतो. आपल्याकडे १९७२च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने शिकार बंद आहे. हिमालयातला भरल, लडाखमधले न्यान आणि उरियाल हे रानमेंढे, सगळे पहिल्या अनुसूचीतले प्राणी आहेत. त्यांच्याकडे दुर्बिणीतून बघायचं, बस. खाली जे मेंढ्याच्या शिकारीबद्दल आहे ते अल्बर्टा, ब्रिटिश कोलंबिया, युकॉन, अलास्का इथल्या परवानाधारकांसाठी. झीरो सरकण्याची कारणं मात्र ग्वाल्हेरला आणि रॉकी पर्वतात सारखीच.

आधी लक्षण नीट बघा

"नेम चुकतो" एवढ्यावरून काही कळत नाही. कागद दाखवा म्हणतो मी. तीन-चार गोळ्या एकमेकींना चिकटून आहेत पण सगळा ग्रुप (गोळ्यांचा झुबका) सरकलाय, तर काहीतरी एकदाच हललंय: माउंट (बेस आणि रिंगा मिळून), दस्त्याचा दाब, किंवा स्कोपला बसलेला ठोका. ग्रुपच फाकलाय, तर काहीतरी अजून सैल आहे किंवा स्कोपच्या पोटातलं स्प्रिंग गेलंय. पहिली गोळी वेगळी आणि पुढच्या एकत्र, हे बहुतेक वेळा नळीतल्या तेलाचं काम. साफ करून ठेवलेल्या रायफलीची पहिली गोळी अशी जाऊ शकते, त्यात स्कोपचा काही संबंध नाही. नळी तापत जाईल तशा गोळ्या एकाच दिशेला चढत गेल्या, तर नळी कुठेतरी लाकडाला टेकते आहे. स्कोपच्या टरेटचे (नेम सरकवणाऱ्या चकतीचे) चार क्लिक दिले, काही झालं नाही, आणि दोन गोळ्यांनंतर अचानक उडी मारली, तर तो आजार खरोखर स्कोपचा.

आणि एक लक्षण असं की शंभरावर सगळं ठीक, डोंगरावर तीनशे-चारशेवर चुकतं. हा झीरोचा दोष नसतोच. त्याच्याकडे नंतर येतो, कारण मेंढ्याच्या शिकारीत सगळ्यात जास्त पैसे त्याच गैरसमजात जातात.

काडतूस न उडवता काय काय कळतं

आपल्याकडे काडतुसं परवान्यावर मोजून मिळतात आणि स्वस्त नाहीत. दहा काडतुसं उडवून "बघू काय होतं" ही चैन इथे परवडत नाही. त्यामुळे माझा क्रम ठरलेला: आधी पेचकस, मग काडतूस, पाकीट सगळ्यात शेवटी.

रायफल रिकामी करा, बोल्ट काढून ठेवा, चेंबरमध्ये बोट घालून बघा, काडतुसं दुसऱ्या खोलीत. यात हयगय नको.

मग दस्ता आणि लोखंड जोडणारे खालचे स्क्रू. स्कोपवाले हे विसरतातच. लाकडी दस्ता ग्वाल्हेरच्या मे महिन्यात, ४५ अंशांत, सुकून आकसतो आणि श्रावणात फुगतो. उन्हाळ्यात घट्ट केलेला स्क्रू पावसाळ्यात लाकूड चेपतो आणि पुढच्या उन्हाळ्यात सैल पडतो. नंतर पोस्टकार्डाच्या जाडीची कागदाची पट्टी नळी आणि दस्त्याच्या मधून सरकवत मागे न्या. जिथे अडकली तिथे लाकूड नळीला ढकलतंय. काही जुन्या रायफलींत पुढच्या टोकाला मुद्दाम टेकण दिलेली असते, तेव्हा कागद अडकला म्हणून लगेच कानस घेऊन बसू नका, आधी विचारा. डोंगरावर जाणाऱ्याने लाकूड घरीच ठेवावं. फायबरचा दस्ता दिसायला रुक्ष, पण तीन दिवस पावसात भिजून तसाच राहतो.

आता स्कोप आणि रिंगा काढून बेस उघडा. इथे थोडा वेळ घालवा, कारण गुन्हेगार बहुतेक इथेच दडलेला असतो.

एक ३०-०६ माझ्याकडे आली होती. माउंट कुठल्याशा खराद्याने बसवलेला, दोन स्कोप बदलून झालेले, मालक तिसऱ्याची किंमत विचारायला आलेले. पेचकस लावला तर चारही स्क्रू घट्ट. पण बेसच्या पुढच्या टोकावर अंगठा दाबून बाजूला ढकललं की तेलाची एक बारीक रेघ कडेने बाहेर यायची आणि सोडलं की आत जायची. बेस हलत होता, स्क्रू घट्ट असताना. पुढचा स्क्रू काढून भिंगाखाली धरला, तर टोकाचा शेवटचा आटा चपटा होऊन आरशासारखा चमकत होता. स्क्रू लांब पडला होता. तो भोकात खाली जाऊन नळीच्या आट्यांवर टेकायचा. हाताला वाटायचं की आवळला गेला, प्रत्यक्षात बेसवर त्याच्या डोक्याचा दाबच नव्हता. टोक थोडं कानसलं, भोकातलं तेल अॅसिटोनने पुसलं, निळं थ्रेडलॉकर (स्क्रू सैल होऊ न देणारा डिंक) लावून बसवलं. त्यांचा पहिला, कपाटात पडलेला स्कोपच परत चढवला आणि तो अजून तिथे आहे.

मागच्या बाजूचा स्क्रू लांब असेल तर वेगळंच दिसतं: बोल्ट फिरवताना जड लागतो, घासल्याची खूण उमटते. दोन्ही बघून घ्या.

रिंगांचं म्हणणं असं. स्कोपच्या नळीवर रिंगेच्या कडेला चकाकणारी ओरखड्याची रेघ दिसली तर स्कोप धक्क्याने रिंगेतून घसरतोय. रिंगा आणि नळी स्पिरिटने पुसून कोरड्या करा. स्क्रू फुलीच्या क्रमाने, थोडे थोडे, दोन्ही बाजूंची फट सारखी ठेवत आवळा. बहुतेक कंपन्या वरच्या स्क्रूंना १५ ते १८ इंच-पाउंड सांगतात, म्हणजे साधारण १.७ ते २ न्यूटन-मीटर. दोन बोटांनी छोटा पेचकस फिरवण्याइतकाच हा जोर आहे. आपल्याकडे "अजून एक आटा" देण्याची खोड आहे. त्याने स्कोपची नळी चेपते, झूमची रिंग जड होते, आणि आत क्रॉस धरणारी नळी अडकून बसते. मग क्लिक दिला तरी क्रॉस हलत नाही. टॉर्क पान्हा नसेल तर विकत घ्या. स्कोपच्या किमतीपुढे तो काहीच नाही.

पिकाटिनी रेल (आडव्या खाचांचा बेस) असेल तर खालचा नट आवळण्याआधी रिंग खाचेत पुढच्या दिशेला, नळीच्या तोंडाकडे, रेटून धरा. धक्क्यात रायफल मागे जाते, स्कोप जागच्या जागी राहू बघतो; म्हणजे रिंग खाचेत पुढे सरकते. ती आधीच पुढे टेकलेली असेल तर सरकायला जागाच उरत नाही. सगळं झालं की प्रत्येक स्क्रूच्या डोक्यापासून खालच्या धातूपर्यंत नेलपॉलिशची एक रेघ ओढा. घरात विचारून घ्या. पुढे कधी शंका आली तर रेघ तुटली की नाही एवढंच बघायचं.

आता स्कोपची झडती

रायफल शिकंज्यात, खाली रबर घालून, घट्ट धरा. २५ मीटरवर आलेखाचा मोठा कागद लावा, पॅरॅलॅक्सची (डोळा हलला की क्रॉस लक्ष्यावरून सरकल्यासारखा दिसतो, तो दोष घालवणारी) चक्ती असेल तर तेवढ्या अंतरावर आणा, डोळा मधोमध ठेवा. क्रॉस एका रेघेवर आणा आणि टरेट फिरवा. १० मिल (मिल आणि एमओए ही टरेटवरची कोनाची मापं) दिले तर क्रॉस २५ सेंटीमीटर सरकला पाहिजे. एमओएचा स्कोप असेल तर ४० एमओएला साधारण २९ सेंटीमीटर. वर, उजवीकडे, खाली, डावीकडे असा चौकोन फिरून परत सुरुवातीच्या जागी आला पाहिजे. एखादी गोळी खर्च न करता टरेट खरा की खोटा हे इथे कळतं. मग पेचकसाच्या लाकडी मुठीने टरेटच्या खोक्यावर हलके टकटक करा, बघत राहा. क्रॉस उडी मारून दुसऱ्या जागी बसला तर आतलं स्प्रिंग कमजोर आहे आणि त्यावर घरगुती इलाज नाही, कंपनीकडे पाठवा.

पण पाठवण्याआधी एक बघा. टरेट शेवटच्या टोकाला तर नाही ना गेलेला? माउंट वाकडा बसला की माणूस तो वाकडेपणा क्लिकने भरून काढतो, आणि क्रॉसची नळी एका कोपऱ्यात जाऊन बसते. तिथे स्प्रिंगचा दाब धड राहत नाही, झीरो भटकायला लागतो. स्कोप रायफलीवरून काढा, पुढची काच आरशाला टेकवून उभी धरा आणि आत बघा. क्रॉस आणि त्याचं प्रतिबिंब वेगवेगळं दिसेल. टरेट फिरवत दोन्ही एकावर एक आणा. तो मधला बिंदू. आता रायफलीवर चढवून पाहा नळी कुठे बघते आणि क्रॉस कुठे. फरक मोठा असेल तर दुरुस्ती माउंटची. तिरकेपणा भरून काढणाऱ्या पॉलिमरच्या चकत्या असलेल्या रिंगा यासाठी उत्तम.

एअर रायफलवाल्या पोरांसाठी एक वेगळी ओळ. स्प्रिंगच्या एअर रायफलीला दोन धक्के असतात, एक मागे आणि पिस्टन आदळला की एक पुढे. साधे रायफल स्कोप मागच्या धक्क्यासाठी बांधलेले असतात. पुढच्या धक्क्याने त्यांच्या आतल्या काचा सैल होतात. ३०-०६वर वर्षानुवर्षं टिकणारा स्कोप स्प्रिंगच्या एअरगनवर महिनाभरात खुळखुळतो, हे ऐकून लोक हसतात, पण तसंच आहे. एअरगनसाठी म्हणून लिहिलेला स्कोप आणि मागे टेकणारा स्टॉप घ्या.

आणखी एक आपल्या भागातलं. निवडणूक आली की परवान्याची शस्त्रं जमा होतात, रायफली एकावर एक रचल्या जातात, आणि परत आलेल्या रायफलीचा झीरो गेलेला असतो. त्यात नवल ते काय. जमा करताना स्कोप काढून घरी ठेवा, बेसवर खाच क्रमांक लिहून ठेवा, परत बसवल्यावर तपासणीच्या तीन गोळ्या धरून चाला. बंद डब्यात सिलिका जेल घालून ठेवा, नाहीतर पावसाळ्यात काचेवर कोळिष्टकासारखी बुरशी पसरते आणि ती पुसून जात नाही.

स्कोप निर्दोष, तरी गोळी पाठीवरून

आता भाच्याची गोष्ट. त्याच्याकडे ४-१६×५० (झूम ४ ते १६ पट, पुढची काच ५० मिलिमीटर), क्रॉसखाली खुणांची शिडी असलेला. रेंजवर २०० यार्डांचा झीरो, पक्का. डोंगरात ४०० यार्डांवर खाली उतारावर मेंढा, गोळी पाठीवरून. "मामा, उंचीवर हवा पातळ असते ना, त्याने झीरो गेला." रात्री फोनवर फोटो मागवला. झूमची रिंग ८वर होती.

हिशोब मांडू. त्याची गोळी १८० ग्रेनची ३०-०६. २०० यार्डांवर झीरो असला की ती ३०० यार्डांवर वीस-बावीस सेंटीमीटर आणि ४०० यार्डांवर ६० सेंटीमीटरच्या आसपास खाली येते. पातळ हवेने गोळी कमी खाली येते, हे खरं. पण २५००-३००० मीटरवर ४०० यार्डांत त्याचा फरक काही सेंटीमीटरचाच. तेवढ्याने मेंढ्याच्या पाठीवरून गोळी जात नाही.

उतार तीस अंशांचा होता. गुरुत्वाकर्षणाला तिरकं अंतर माहीत नसतं. आडवं अंतर धरायचं. ४०० गुणिले ०.८६६, म्हणजे ३४६ यार्ड. चढावर मारा की उतारावर, दोन्हीकडे गोळी वरच जाते. इथेच त्याला ६०ऐवजी ४० सेंटीमीटरच्या आसपासची भरपाई पुरली असती.

आणि झूम. त्याच्या स्कोपचा क्रॉस दुसऱ्या फोकल प्लेनमधला, म्हणजे झूम केलं तरी शिडी तेवढीच दिसते, चित्र मात्र लहान-मोठं होतं. अशा शिडीची खूण बहुतेक स्कोपांत फक्त सगळ्यात मोठ्या झूमला खरी. १६वर जी खूण ६० सेंटीमीटर सांगते ती ८वर १२० सांगते. गरज ४०ची, धरलं १२०. ऐंशी सेंटीमीटर वर. स्कोपने चोख काम केलं होतं.

असे बिनदोष स्कोप "खराब" म्हणून विकले जातात, हे मला सगळ्यात खटकतं. त्याच पंगतीत आणखी काही आहेत. पॅरॅलॅक्स: मोठ्या रायफलींचे, पॅरॅलॅक्स एकाच अंतरावर कायम बसवलेले स्कोप बहुतेक १०० किंवा १५० यार्डांवर जुळवलेले असतात. ४० मिलिमीटरची काच, १०० यार्डांवर जुळवलेली, ३०० यार्डांवर डोळा पार कडेला गेला तर चूक जास्तीत जास्त ४ सेंटीमीटर. तपासायचं असेल तर रायफल टेकवून ठेवा, हात काढा, डोकं वर-खाली हलवा; क्रॉस लक्ष्यावर नाचला तर पॅरॅलॅक्स आहे. शिकारीत चालून जातं, पण गाल दस्त्यावर दरवेळी एकाच जागी टेकला पाहिजे. रायफल कलणं: डोंगरउतारावर डोळ्याला क्षितिजच सापडत नाही, रायफल पाच अंश कलली तरी समजत नाही, आणि ४०० यार्डांवर गोळी साधारण १० सेंटीमीटर बाजूला जाते. रिंगेवर एक छोटा पाणसळ्याचा बुडबुडा बसवून घ्या. शेवटचं टेकण: नळी दगडावर टेकवून मारलेली गोळी दगडापासून दूर फेकली जाते. खाली पिशवी, हातमोजा, काहीतरी मऊ, आणि तेही दस्त्याखाली, नळीखाली नाही.

मग स्कोप घ्यायचाच असेल तर

सगळी तपासणी होऊन स्कोपच दोषी ठरला, किंवा पहिल्यांदाच घेताय, तर माझं उत्तर लोकांना आवडत नाही. लहान घ्या. ३-९×४०, २.५-१०×४२, ३.५-१०×४० यांच्या पुढे मेंढ्यासाठी जायची गरज नाही.

"पण मामा, शिंगं कशी मोजणार?" रायफल स्कोपने मोजायचीच नाहीत. अलास्कात डॉल मेंढा कायदेशीर ठरायला शिंगाचं पूर्ण वेटोळं हवं, किंवा दोन्ही टोकं तुटलेली, किंवा वय किमान आठ वर्षं. वयाची वलयं मोजायची म्हणजे तिपाईवरची स्पॉटिंग दुर्बीण लागते आणि तासभर पालथं पडून बघावं लागतं. तिथला बहुतेक भागांतला हंगाम १० ऑगस्ट ते २० सप्टेंबर. घाईत स्कोपमधून "मोठा दिसतोय" म्हणून घोडा दाबला आणि शिंग अपुरं निघालं तर तो गुन्हा आहे. शिवाय डोंगर न्याहाळायला रायफल स्कोप वापरणं म्हणजे समोरच्या कड्यावर बसलेल्या दुसऱ्या माणसावर नळी रोखणं. हे कुणी माझ्यासमोर केलं तर मी रायफल हातातून काढून घेतो.

एकदा शिंग ठरलं, की मारायला १०× भरपूर झालं. ४० मिलिमीटरची काच १०×ला ४ मिलिमीटरचा प्रकाशझोत डोळ्यात सोडते. मेंढा उघड्या कुरणात, दिवसाउजेडी चरणारा प्राणी, त्याच्यासाठी ५० मिलिमीटरची परात कशाला? मोठी काच आली की उंच रिंगा आल्या, उंच रिंगा आल्या की गाल दस्त्यावरून उचलला गेला, आणि मग पुन्हा पॅरॅलॅक्सचं रडगाणं. वजनाचं तर विचारूच नका. साडेतीनशे ते साडेचारशे ग्रॅमच्या आत छान स्कोप मिळतात. मोठ्या झूमवाले सहज सातशेवर जातात. शोरूममध्ये हा फरक कळत नाही, दहा दिवसांच्या चढाईत प्रत्येक पावलाला कळतो. ल्यूपोल्डचे ३.५-१०×४० जातीचे स्कोप हलक्या बाजूला, नाइटफोर्सचे २.५-१०×४२ त्यांच्याहून जड, पण ठोकायला दगडासारखे. पडझड जास्त होणार असेल तर मी दुसरा घेईन, चालणं जास्त असेल तर पहिला. बजेट कमी असेल तर साधा ३-९×४० आणि वाचलेले पैसे चांगल्या बेस-रिंगांत घाला. उलटं कधी करू नका.

टरेटचं काय? बाजूच्या टरेटला स्क्रूची टोपी हवीच. उघडा टरेट पाठीवरच्या पिशवीला घासून फिरतो आणि चढ चढून गेल्यावर तुमचा झीरो किती क्लिक सरकला हे देवालाच ठाऊक. वरचा टरेट फिरवून मारणार असाल तर कुलपाचा किंवा झीरोवर थांबणारा घ्या. ३०० यार्डांच्या आतच मारणार असाल तर दोन्हीला टोप्या आणि साधा क्रॉस. खुणांची शिडी हवीच असेल तर मारताना झूम शेवटच्या आकड्यावर आहे का हे आधी बघायचं, किंवा सरळ पहिल्या फोकल प्लेनचा स्कोप घ्यायचा. पण त्यात छोट्या झूमला क्रॉस कोळ्याच्या धाग्याइतका बारीक होतो, हे दुकानात ३×वर लावून पाहा.

डोळ्यापासूनचं अंतर किमान ९ सेंटीमीटर ठेवा. चढावर, पिशवीवर पालथं पडून मारताना डोकं पुढे सरकतं आणि स्कोपची कडा भुवईत घुसते. दुकानात उभं राहून डोळा लावून बघणं पुरत नाही. जमिनीवर झोपून, नळी वर करून बघा. दुकानदार हसला तर हसू दे.

धुक्याबद्दल. चांगला स्कोप नायट्रोजन किंवा आर्गॉन भरून सीलबंद केलेला असतो. सीलची शंका असेल तर स्कोप पिशवीत घालून रात्रभर फ्रिजमध्ये ठेवा, सकाळी बाहेर काढा. बाहेरून धुकं येणारच. कापडाने पुसलं की गेलं तर सगळं ठीक. पुसूनही आत पांढरं राहिलं तर सील गेलंय, आणि तो स्कोप डोंगरावर न्यायचा नाही. चांगल्या स्कोपवरही थंडीत धुकं धरतं ते माणसाच्या श्वासाने आणि तंबूच्या उबेने. रायफल रात्री तंबूच्या बाहेरच्या छपराखाली, थंडच राहू द्या. नेम धरताना तोंडाने श्वास सोडू नका, मागची काच पांढरी होते. ग्वाल्हेरच्या जानेवारीतल्या धुक्यात याचा सराव फुकट होतो.

नेताना आणि पोचल्यावर

विमानात रायफल कडक पेटीत, काडतुसं वेगळ्या डब्यात, विमान कंपनीचे नियम आधी फोन करून विचारून. पेटीत फोम असा कापा की भार दस्त्यावर आणि नळीवर येईल, स्कोपला काहीही टेकणार नाही. टॉर्क्सची योग्य मापाची किल्ली, छोटा टॉर्क पान्हा आणि नेलपॉलिशची बाटली सामानात; किल्ली जादा एक.

पोचल्यावर सगळ्यात आधी रेघा बघा. तुटलेली नाही, तरी तीन गोळ्या मारायच्याच: दोन १०० यार्डांवर, एक २००वर, पिशवीवर टेकवून, जशी डोंगरात मारणार तशी. ग्रुप दोन-तीन सेंटीमीटर सरकला असेल तर टरेटने आणा. त्याहून जास्त सरकला तर टरेटला हात न लावता रिंगा उघडा, बेस बघा, मग पुन्हा मारा. वाटेत रायफल पडली, घसरली, घोड्यावरून आपटली, की हेच पुन्हा. मेंढा दूर असेल आणि आवाजाची भीती नसेल तर दरीच्या उलट बाजूला, मागे मातीचा बांध बघून, एक गोळी खर्च करा. ही एक गोळी वाचवायला बघणारे लोक मला दर हंगामात फोन करतात.